सासूबाईंचा पदर आणि माझा हातरुमाल

हसू नका, पण सासूबाईंबरोबर मी पहिल्यांदा एकटी फिरले ती म्युझियममध्ये. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीला आम्ही सासरी पाचोडला गेलो होतो. नवऱ्याने आम्हा दोघींना संभाजीनगरला म्युझियमच्या दारात सोडलं आणि तो क्रांती चौकात कामाला निघून गेला. मला एकच धास्ती होती. सासूबाईंसमोर काही चुकलं तर?

पहिल्याच भिंतीवर पांढऱ्या दाढीच्या सरदाराचं भलंमोठं चित्र होतं. सासूबाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला. मी दचकले. आता सुनेनंही घ्यायला हवा की काय? माझ्याकडे ओढणीसुद्धा नव्हती. शेवटी पर्समधला हातरुमाल डोक्यावर ठेवून मी मान खाली घातली.

सासूबाई वळल्या. "हे काय गं?"

"आई, तुम्ही पदर घेतलात म्हणून..."

"अगं बाई! म्हातारं माणूस दिसलं की हात आपसूक जातो माझा. जुनी खोड हाय ती. तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हाला राग येईल असं वाटलं."

त्यांनी तोच रुमाल काढून माझ्या कपाळावरचा घाम टिपला. "मला लई भितीस व्हय गं?"

मला खोटं बोलवेना. मी 'हो' म्हणून मान हलवली.

एव्हाना सासूबाईंचा पदर खांद्यावर उतरला होता. पुढच्या चित्रात एक मिशीवाले आजोबा बसले होते. सासूबाईंचा हात पदराकडे निघाला, मधेच थांबला आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग चित्राकडे बघून म्हणाल्या, "माफी करा मामंजी, आज पदर नाय. सुनेनं हात धरून ठेवलाय."