एक बोट फट

हॅलो?… हो, मीच. फोटो बघितलास ना? मग तीच आहे ती… हो. कापली.

…करवतीने. बाबांची लोखंड कापायची करवत नाही का, त्यांच्या कामाच्या खोलीतल्या फळीवरची? तिनेच. मधोमध, कलिंगड कापतात तशी.

…ओरडू नकोस. दादा, ओरडू नकोस म्हटलं ना! मला ओरडता येत नाही असं वाटतं का तुला?

…माहितीय, शेवटची होती. बाबांची शेवटची कॉइल, डिटेक्टरची तबकडी. रविवारी बाबांच्या शोकसभेत ती भिंतीवर टांगायची, खाली पितळेची पाटी, पाटीवर बाबांचं नाव आणि शेजारी तू, चेहरा पाडून उभा. सगळं माहितीय मला. डिटेक्टर घेऊन रानोमाळ सोनं हुडकणारे झाडून सगळे येणार आणि गळा काढणार. ‘तबकडी नव्हती हो ती, कान होता कान! तांदळाच्या कणीएवढं सोनं मातीखालून ऐकायची!’ पाठ आहे मला. फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकतेय.

…वेड लागलेलं नाही मला. आणि वेडं कोण, शहाणं कोण, ते हल्ली तूच ठरवतोस ना? आईचं ठरवून झालं, आता माझं ठरव.

…हो, त्याचाच विषय आहे हा! तुला काय वाटलं, तबकडीचा? सोमवारी तू आईला उचलून त्या वृद्धाश्रमात ठेवणार आहेस, त्याचा विषय आहे हा. आणि पहिल्यापासून तोच होता.

…काय सांगितलंस रे तू त्या डॉक्टरांना? सांग ना. माझ्यासमोर सांग एकदा… नाही, मीच सांगते. ‘दिवसभर दोरे गुंडाळत बसते. खुर्चीच्या पाठीला, खिडकीच्या गजांना, सापडेल त्याला. बाबा गेल्यापासून बोलत नाही. डोकं कामातून गेलंय.’ हेच ना? शब्द तरी बदलला का मी एखादा?

…मग आता ऐक. ऐक ना… अरे, माणसाचं ऐकून तरी घ्यावं! वहिनीला नको देऊस फोन. वहिनीशी माझं भांडण नाही, तिची लोकर गेली बिचारीची.

…लोकर म्हणजे तो निळा गुंडा. तोच तर सांगतेय. दुपारी इथे आईकडे आले, तर तिने स्टूल उलटं केलेलं आणि चारही पायांभोवती तो अख्खा गुंडा गुंडाळलेला. दर दोन बोटांच्या अंतरावर एक गाठ. मी सोडवायला बसले. चिडूनच बसले, खोटं कशाला बोलू? गाठ काही सुटेना. नख तुटलं माझं. आणि मग सहज उलटीकडून ओढली, तर सटकन सुटली.

…मग काय, म्हणजे काय? शाळेत जाताना तुझ्या बुटांच्या नाड्या कोण बांधायचं?… आणि त्या कुणाला सुटायच्या? बूट घालून झोपला होतास तू एकदा, आठवतंय का? माझ्या वेण्यांच्या रिबिनी तर बाईंनी कात्रीने कापल्या होत्या… हां! डावखुरी आहे आपली आई. तिची गाठ सगळ्या जगाच्या उलट बसते.

…येतेय रे मुद्द्यावर, मुद्द्यावरच आहे मी! बाबांच्या तबकडीतून जिथे वायर बाहेर येते ना, तिथे मेणाच्या दोऱ्याची एक गाठ दिसते. आपण ती नखाने उकरायचो आणि धपाटे खायचो. आज ती निरखून बघितली. उलटी.

…अगदी! मीही हेच म्हटलं स्वतःला. एखादी गाठ उलटी बसू शकते. म्हणून तर करवत घेतली.

…सांगते ना आत काय आहे ते. कापल्यावर पटाशीने वरचं कवच उचकटलं. आत एपॉक्सी, ओतून कडक झालेली राळ, मधासारखी पिवळी, आरपार दिसणारी. तिच्यात तारांचा गोल जुडगा. आणि त्या जुडग्यावर दोन-दोन बोटांवर गाठी. सगळ्या उलट्या, दादा. एकूण एक.

…‘मदत करत असेल थोडीफार’? मदत? शब्द मागे घे. आधी शब्द मागे घे, मग पुढचं बोलू… अरे, बाबांना सुईत दोरा ओवता येत नव्हता! शर्टाचं बटण तुटलं की हाका मारत यायचे. केळ्याच्या फण्या होत्या त्यांच्या हातांना, बोटं नव्हती. त्या हातांनी केसासारख्या तारा एकावर एक बसवल्या म्हणतोस? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

…कधी? आपल्या डोळ्यांदेखत! खोलीचं दार बंद असायचं. ‘बाबा कॉइल करतायत, आत जायचं नाही.’ आणि आई चहा घेऊन आत जायची. चहा द्यायला किती वेळ लागतो रे माणसाला? आपण भूक भूक करून रडकुंडीला यायचो, तरी ती बाहेर यायची नाही. चहा काय चमच्याने भरवत होती?

…आणि तिचं कडं? ती आत जाण्याआधी हातातलं कडं काढून दाराच्या कडीला अडकवायची. तू ते घेऊन अंगणात चाक म्हणून पळवायचास. चहा द्यायला जाणारी बाई हातातलं कडं का काढेल? सांग, तू तर आता कॉइलवाला झालायस ना! कॉइल जुळवताना जवळ धातू चालत नाही, हे तूच मला शिकवलंस मागच्या महिन्यात. बोट वर करून शिकवलंस!

…हो, तेच कडं!

…नाही, थांब, अजून आहे. लग्नाआधी आई कारखान्यात होती. पंख्यांच्या. काय करायची ती तिथे?… पॅकिंग? कुणी सांगितलं?… कुणीच नाही. आत्ता बनवलंस तू हे. मलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं ‘आई कारखान्यात होती’ म्हणतोय आपण, एकानेही पुढे विचारलं नाही. आज विचारलं मी. ‘वाइंडिंगला,’ म्हणाली. मोटरवर तार गुंडाळायला, दादा!

…हो. बोलली. एक शब्द बोलली. विचारल्यावर बोलते ती. तू तिच्याकडे बघून डॉक्टरांशी बोलतोस, मग ती कशाला बोलेल?

…आहे ना, इथेच आहे, बाबांच्या खुर्चीत. कापलेला अर्धा भाग मांडीवर घेऊन अंगठा फिरवतेय त्यावरून. मला वाटलं होतं रागावेल. काही नाही म्हणाली. फक्त करवतीच्या धारेकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं. काप सरळ गेला नाहीये माझा.

…बाबांबद्दल मी वाटेल तसं बोलणार! राग आलाय मला त्यांचा. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मग असताना कुणीतरी सांगायचं होतं मला, तेव्हा रागावले असते. लोक त्यांना ‘कानवाले’ म्हणायचे, दुरून दुरून तबकड्या मागायला यायचे, आणि हे मिशीवरून हात फिरवत बसायचे. एकदा, दादा, एकदा तरी म्हणावं माणसाने, ‘अहो, हात आमच्या हिचे आहेत.’ आयत्या बिळात नागोबा! आणि वर ‘चहात साखर कमी आहे गं.’

…रडत नाहीये. सर्दी आहे… रडत नाहीये म्हटलं ना!

…काय? तुझ्या कॉइलचं काय?… वा! मी आईबद्दल बोलतेय आणि तुला कॉइल आठवली? हो, आहे इथेच, तू बनवलेली, मागच्या आठवड्यात टाकून गेलास ती. रविवारी मिरवायची आहे ना, ‘वडिलांचा वारसा’ म्हणून? दिसायला झकास आहे. वरून फॉइल अशी गुंडाळलीयस की मुंगी शिरायची नाही. पण ठार बहिरी. माझी अंगठी तिच्या पुढ्यात नाचवली, तरी ढिम्म… मग तू केलेल्या सगळ्याच तशा असतील तर सगळ्याच बहिऱ्या! बाबांना यायचं म्हणून मुलाला येतं, असं नसतं ते. मुळात बाबांनाच येत नव्हतं.

…एक मिनिट. आई? काय गं? काय हवंय?… ब्लेड कशाला? आई, बोट कापेल… अगं!

…दादा, थांब. ती तुझी कॉइल घेऊन बसलीय. फॉइल कापतेय.

…मी कुठे सांगितलं? मी तुझ्याशी भांडत नाहीये का मघापासून?… थांबवू? का म्हणून थांबवू? बिघडायला काही शिल्लक आहे का तिच्यात? एपॉक्सी ओतलेली नाहीये अजून, नशीब समज.

…नाही, सगळी नाही सोलत. एकाच जागी. बोट ठेवलं वर, आणि बोटाएवढी पट्टी कापून काढली. आरपार. बास. बाकी कशाला हात लावला नाही… हात? नाही थरथरत. अजिबात नाही. मघाशी बशीतला चहा सांडत होता तिच्या हातून, तीच ही.

…आता डिटेक्टरची वायर जोडतेय… मला नाही सांगत, स्वतःच जोडतेय. आणि… दादा…

…काही नाही. कडं काढलं तिने. काढून दाराच्या कडीला अडकवून आली.

…हो गं, हो, जाते लांब! मला हाकलतेय ती. फोन लांब ने म्हणून खुणा करतेय. थांब, स्पीकरवर टाकते आणि खिडकीत ठेवते. तोंड बंद ठेव हां आता तू.

…काडेपेटी? कुठली? ही? दादा, बाबांची ती काडेपेटी, पहिला सापडलेला कण ठेवलेली… हो, तोच, तांदळाच्या कणीएवढा… धरते आई. इथे? खाली?… आणखी खाली? अगं इतक्या लांबून कसं…

…ऐकलंस? वाजली!

…परत. थांब. परत धरते. आता?… ऐकलंस का, दादा?

…तुझीच! तुझीच ती बहिरी कॉइल! नवीन कुठून आणू मी उभ्या उभ्या?… नाही, बाकी काहीच नाही केलं, शप्पथ. बोटभर पट्टी काढली, एवढंच.

…मला काय माहीत कसं कळलं तिला! तुझ्या त्या डॉक्टरांना विचार, दोरे गुंडाळणाऱ्या बायकांचं त्यांना जास्त कळतं… नाही, आता ‘सांभाळून घे’ नको. मी काहीही सांभाळून घेणार नाही. सोमवारचं काय ते तिला सांग. मला नको, तिला. तिच्याशी बोलून सांग. घे आई. दादा आहे. बोल त्याच्याशी… धर नीट. असं नाही, उलटा धरलायस.

…हॅलो… हो. मीच. आई.

…बोलता येतं मला.

…फॉइल गोल बंद करायची नसते. बंद केली की आतलं सगळं तीच खाऊन टाकते. बाहेर काही जात नाही, बाहेरचं आत येत नाही. एक बोट फट ठेवायची. एकच. जास्त नको.

…बाबांनी सांगितलं नव्हतं, बरोबर आहे. ते विसरायचे. दर वेळी मी आठवण करायची.

…नव्हते लबाड. तसं म्हणू नको. मातीतून वणवण करत हिंडायचे ते, ऊन-पाणी बघायचे नाहीत. तेवढं त्यांचं होतं… पण सांगायला हवं होतं. हो. मलाही राग यायचा.

…कुठल्या खोलीत? त्या आश्रमातल्या?… खिडकी आहे, बरं. पलंग आहे. ऐकलं. टेबल आहे का?… जेवायचं नव्हे. कामाचं. दिव्याखाली… मग कशाला येऊ मी?

…नाही. डॉक्टरांना विचारायचं काही कारण नाही. मी सांगतेय ना.

…रविवारी येईन. सभेला. ही तबकडी तिथेच लावा. अर्धीच… तू काही जोडत बसू नको. चिकटवू नको. कापलेली बाजू पुढे करून लाव, आतलं दिसू दे लोकांना. पाटी मग काय लिहायची ती तुम्ही बघा.

…पुरे आता. रडून तार बसत नाही. उद्या ये, तुझ्या बाकीच्या सगळ्या कॉइल घेऊन. आणि ऐक, हातातलं ते घड्याळ घरी काढून ठेवून ये.