दोन बोटं खाली

...आन ती गाडी काय रडत होती का माझ्याकडं, 'मला खाली घ्या, मला खाली घ्या' म्हणून? बरी होती की हो गाडी! तलवाड्याहून गेवराई, गेवराईहून तलवाडा, कधी कुरकुर न्हाई! पण आमच्या मेव्हण्याला, पप्पूला, ती मागून उठलेली दिसली. तुमाला सांगतो, माणसानं एक वेळ घरात साप पाळावा, पण मोबाइलवर बघून शिकलेला मेव्हणा पाळू नये!

"दाजी," म्हणला, "मागून दोन बोटं खाली घेऊ. काय दिसंल! जमिनीला चिटकून चालंल, वाघावानी!"

आता मी शाळेत प्रयोगशाळेचा माणूस. कामं काय, तर परीक्षानळ्या धुणं! पण गावात म्हणतात, बजरंगरावला इज्ञान कळतं, आन चार लोक म्हणले की आपल्यालाबी तसंच वाटाया लागतं...

त्या जुन्या फ्रेंच गाडीला मागं स्प्रिंगच न्हाई हो! त्या जागी दर चाकाला एक आडवी पोलादी सळई. टॉर्शन बार म्हणतात तिला. ती पीळ खाती आन गाडी तोलून धरती. टोकाला बारीक दाते. सळई वढायची, एक दाता फिरवायचा, परत ठोकायची, गाडी खाली! व्हिडिओत तो गोरा माणूस सहा मिनिटांत करतो, आन मधी कॉफीबी पितो!

रविवारी सकाळी अंगणात शहाबादी फरशीचा तुकडा टाकला, त्यावर जॅक, गाडी वर, उजवं मागचं चाक बाहेर. दात्यांच्या खुणा बघायला मी पाठीवर सरपटत खाली. पप्पू बाहेरून सळईला दांडा लावून हासडायला. ठण्ण! न्हाई. ठण्ण! न्हाई. वीस वर्षांचा गंज तो, सोडतो काय? प्रत्येक ठोक्याला गाडी हालायची, माझ्या डोळ्यात माती पडायची, आन मी मनात म्हणायचो, बरी होती की रे गाडी...

"दाजी, निघाली!"

सळई निघाली. आन तिच्यामागं 'कट्' असा एक आवाज आला. लई बारीक. फरशी तडकली हो!

जॅक कलंडला... आन आख्खी गाडी माझ्याकडं आली!

कुठं थांबली म्हणता? हितं! छातीवर! शर्टाच्या गुंड्या लोखंडाला टेकल्या. अंजनानं, म्हंजे आमच्या मंडळींनी, ते काढलेलं चाक वाळवणाच्या वाटेत आडवं आलं म्हणून वैतागून पायानं गाडीखाली ढकललं होतं, त्याच्यावर गाडी टेकली. तेवढंच! पण चाक कडंलाच अडकलेलं, जमीन उताराची, आन गाडी अजून करकरतीय. श्वास घेतला की छाती लोखंडाला लागायची, म्हणून मी अर्धाच घ्यायचो. अर्ध्या श्वासावर कधी जगलाव का तुमी? मी जगलो!

पप्पू म्हणला, "दाजी, हलू नका!" आन गेला पळून दुसरा जॅक आणायला. हलू नका! मी काय लेझीम खेळणार होतो बे?

तेवढ्यात शेजारच्या वत्सलाबाई आल्या. "अगं बया, बजरंगराव गाडीखाली!" झालं, गाव जमा. मला नुसत्या चपला दिसायच्या. एक चप्पल म्हणती, "उचला!" दुसरी म्हणती, "उचलू नका, सरकंल!" म्हाताऱ्या आप्पारावांची काठी म्हणती, "आधी फोटो काढा, इम्याला लागतो!" आन मी खाली... बोलाया गेलो तर नुसतं 'ह्या, ह्या' निघायचं. लोकांना वाटलं हसतोय!

खरं सांगतो, तवा मला लई भेव वाटलं. हसू नका. कानात पाणी गेलं. पाणी कुठून आलं म्हणता? डोळ्यातनं हो! झोपलेल्या माणसाचं दुसरीकडं कुठं जाणार?

मग एक हात आला. हिरव्या बांगड्यांचा. अंजना लुगड्यासकट मातीत पालथी पडून अर्धी गाडीखाली आलती.

"अगं, निघ बाहेर! पडंल!" अर्ध्या श्वासात कसंबसं म्हणलो.

"पडू दे. माझ्याकडं बघा. वर बघू नका."

"बरी होती की गं गाडी..."

"व्हय, बरी होती. आता गप बसा आन श्वास घ्या."

मग तिनं तिथनंच वरडून सांगितलं, "आठ जण मागं लागा! आप्पाराव, काठी टाका! मी तीन म्हणलं की उचला!" एक... दोन... आन तीनला 'हुंब' करून गाडी वर गेली, आन हिनं मला काखेत धरून असं वढलं, असं वढलं, की शर्ट गाडीखालीच ऱ्हायला! मी आख्ख्या गावासमोर बनियनवर बसलो आन पूर्ण श्वास घेतला. काय गोड लागतो हो श्वास!

पप्पू दीड तासानं जॅक घेऊन आला. "दाजी, तुमी निघालाव पण?"

पुढं गेवराईचा मेस्त्री आला. उजवी सळई त्यानं बसवली, एक दाता फिरवून. डावीला हात लावला आन म्हणला, "ही गंजानं जाम हाय. वढली तर मोडंल, न्हाई मोडली तर परत बसणार न्हाई. हाय तशी ऱ्हाऊ द्या."

म्हंजे गाडी आता डावीकडनं वर, उजवीकडनं दोन बोटं खाली. मी चालवाया बसलो की खाली, अंजना शेजारी बसली की वर. रस्त्यानं लोक बोट दाखवून हसतात. मी म्हणतो, हसा बाबांनो! आमच्या घरात पहिल्यापासून असंच हाय, आता फक्त बाहेरून दिसाया लागलं.