सहाणेवरची पटाशी

मंडळी, ऐका! जरा पुढं सरका. मागं भिंतीला टेकलेले पाहुणे, तुम्हीसुद्धा. ती भिंत पडत नाही, सोडा तिला!

कथेआधी एक सवाल टाकते. वस्तू आपली कधी होते? पैसे मोजले की? खोकं घरात आलं की? का शेजाऱ्याला दाखवून त्याचं तोंड वाकडं झालं की? — हसलात! म्हणजे हे तुमच्याही घरी चालतं. मी शिकलेली म्हणाल तर दुसरी. पण सवाल मला पडतात, आणि पडला की उत्तर मिळाल्याशिवाय मी जेवत नाही.

टाळकरी, धरा ठेका —

लोखंड पुसे लाकडाला, धनी माझा कोण?
मुठीत धरुनी घाम गाळी, तोच धनी जाण!

हं. आता कथा.

माळवडी नावाचं गाव. नदीकाठी रामाचं देऊळ, मोठं नव्हे, पण नेटकं. त्या गावात तीन असामी. पहिले दिगूअण्णा घोरपडे. पाटबंधारे खात्यातून सुटलेले, देवळाचे पंच, गळ्यात चष्म्याची दोरी. दुसरे डॉक्टर शेवडे, दातांचे. तिसरे शांतीशेठ, किराणावाले. तिघांना एकच वेड — हत्यारं! सुताराची हत्यारं! करवत, रंधा, ड्रिल, लाकूड घासायचा सँडर, जे निघेल ते घ्यायचं. आणि दर रविवारी सकाळी अण्णांच्या पडवीत जमून एकमेकांना दाखवायचं.

अहो, काय तो थाट! माहेरवाशिणी साड्या दाखवतात ना, तसा!

"डॉक्टर, या हप्त्यात काय?"

"हा ड्रिल. सुलटा फिरतो, उलटा फिरतो, वर पुढं दिवा लागतो."

दिवसभर लोकांच्या दाताला भोकं पाडून या माणसाचं पोट भरत नाही बघा, रविवारीसुद्धा भोकंच!

शांतीशेठ लगेच पुढं. "हॅ! माझा बघा. तुमच्यापेक्षा दांडगा."

"फिरवून दाखवा की."

"बॅटरी नाही आली ह्याच्याबरोबर. वेगळी घ्यायची असते म्हणे. तुमची द्या जरा."

डॉक्टरांनी दिली. आडवी लावली, उभी लावली, फुंकर मारली — बसेना!

"शेठ, तुमची कंपनी वेगळी, माझी वेगळी. नाही बसायची."

"मग आता?"

"मग काय! दिसायला झकास आहे."

आणि मग दिगूअण्णा उठले. आतून एक पेटी आणली. शिसवी पेटी, आत लाल मखमल, मखमलीवर बारा पटाश्या! पटाशी माहीत आहे ना? लाकूड तासायचं, भोक कोरायचं हत्यार. बोटाएवढ्या रुंदीपासून तीन बोटांपर्यंत, नवरदेवाच्या वऱ्हाडासारख्या ओळीनं बसलेल्या.

डॉक्टरांनी हात पुढं केला. अण्णा ओरडले, "अहो, हात नका लावू! डाग पडतात!"

ऐकलंत? हत्यार! हाताला धरायचं! आणि हात नका लावू!

तेवढ्यात आतून अण्णांच्या मंडळींचा आवाज. "अहो, पोळपाटाचा पाय हलतोय कधीचा. तेवढा ठोकून द्या की!"

"बघतो गं रविवारी!"

"आज रविवारच आहे!"

बाई शहाणी. पण तिचं ऐकतो कोण?

आता त्याच गावात, देवळाच्या मागच्या आळीला, अनसाक्का राहायची. अनसूया धोंडिबा पांचाळ. नवरा सुतार. पिढ्यान्‌पिढ्या रामजन्माचा पाळणा त्यांच्याच घरानं जपायचा, त्यांनीच देवापुढं बांधायचा. आणि भर दुपारी बाराला राम जन्मला की पाळण्याची पहिली दोरी ओढायची ती पांचाळांच्या घरानं. हा मान! पाटील मागं उभा, देशमुख मागं उभा, आणि पुढं सुतार! दोन वर्षांपूर्वी धोंडिबा गेला. पोटी एक लेक, ती सासरी. उरली अनसाक्का एकटी.

आणि त्या वर्षी जुन्या पाळण्याला वाळवी लागलेली निघाली. बोट लावलं तर भुसा! बैठक बसली. अनसाक्का उभी राहिली. म्हणाली, "नवा पाळणा मी करते. लाकूड तेवढं द्या."

सभा हसली. अहो, खदाखदा हसली! एक म्हणाला, "अक्का, तुम्ही पोळ्या लाटा. रंधा मारणं बाईचं काम आहे का?"

असं म्हणाला! त्याचं नाव मी सांगत नाही. त्याची सून इथं बसली आहे.

दिगूअण्णांनी खाकरून चष्मा सावरला. "अक्का, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या घरात आता गडीमाणूस नाही. आमच्याकडे हत्यारं आहेत, एकसे एक. पाळणा आम्ही तिघं करू, फुकट करू. आणि रीतच आहे, पाळणा ज्याच्या हातचा, पहिली दोरी त्याची."

समजलात डाव? पाळणा गेला तर गेला. पण त्याच्याबरोबर मान गेला! सासऱ्याचा, आजेसासऱ्याचा, त्याच्याही बापाचा. एकदा गेलेला मान परत येतो का हो?

अनसाक्कानं पदर घेतला आणि ती घरी गेली.

दीड महिना होता हातात. तिघांनी सागवान आणलं, गिरणीतून कापून आणलं. आणि मग? मग चर्चा! कुठला डिंक चांगला, कुठला शिकंजा पक्का, परदेशात कसं करतात. एक रविवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी नवा सँडर आला, त्याचं कौतुक. असं करता करता उजाडली रामनवमी!

सकाळचे नऊ. देवळात माणूस मावत नाही. सुंठवड्याचा वास सुटलाय. आणि मंडपात आमचे तीन वीर घामानं न्हालेले, पुढ्यात पाळण्याची लाकडं सुटी! चार खांब इकडं, दांडे तिकडं. दांड्याचं टोक, त्याला कूस म्हणतात, ते खांबाच्या भोकात घट्ट बसायला पाहिजे. पण भोकं झाली लहान आणि कुशी झाल्या जाड. एक शिरेल तर शपथ!

शांतीशेठ म्हणाले, "सोडा हो, स्क्रू मारू!"

नरहरी गुरव गाभाऱ्यातून गरजला, "खबरदार! रामाच्या पाळण्याला लोखंड लागत नाही. आजवर लागलं नाही, आज लागायचं नाही. लाकडाला लाकूडच धरतं इथं!"

मग पेटी उघडली. मखमलीवरच्या बारा जणी! अण्णांनी एक उचलली, कुशीवर ठेवली, वरून मोगरी हाणली. आणि काय झालं असेल? लाकूड तासलं नाही — चेचलं! दुसरी घेतली. तिनं रेघोट्या ओढल्या. डॉक्टर म्हणाले, धार कमी आहे, ग्राइंडरवर धरा. धरली! ठिणग्या उडाल्या, पोरं टाळ्या वाजवायला लागली, आणि पटाशीचं टोक पडलं निळं! पोलादाचं पाणी उतरलं. संपली ती. आता तिनं लोणीसुद्धा कापायचं नाही.

साडेनऊ झाले. सगळं गाव बघतंय. राम काय थांबणार आहे? बारा वाजले की तो जन्मणार. पाळणा असो नसो!

अनसाक्का खांबाजवळ उभी होती, नैवेद्याचं ताट घेऊन. सगळं बघत होती.

आता बायांनो, खरं सांगा. तुम्ही काय केलं असतं? मी सांगते मी काय केलं असतं. मी म्हणाले असते, "करा की आता, गडीमाणसांनो!" आणि वर पंखा घेऊन वारा घातला असता. माझी जीभ तेवढी चांगली नाही.

अनसाक्कानं ताट खाली ठेवलं. पुढं आली. म्हणाली, "अण्णा, मी बसवते पाळणा. पण आधी बोलायचं. इथं, सगळ्यांपुढं. पहिली दोरी कुणाची?"

अण्णा खाली बघत काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"तुमची, अक्का."

"माझ्या घरची. माझ्यानंतर माझ्या लेकीची. म्हणा."

"तुमच्या घरची. तुमच्या लेकीची."

शाब्बास! मान कुणी पाटावर बसवून हातात देत नाही, बायांनो. तोंड उघडून मागून घ्यावा लागतो. अनसाक्कानं घेतला. आणि मग पदर खोचला.

खाली बसली, पटाशी उचलली. अंगठ्याच्या नखावर टेकवली. घसरली. दुसरी टेकवली, घसरली. बाराच्या बारा घसरल्या! मान हलवून म्हणाली, "अण्णा, कारखान्यातून पटाशी येते ती तोंड घेऊन येते, धार घेऊन येत नाही. धार घरी लावायची असते, दगडावर. कुठाय तुमचा निसणा?"

तिघं एकमेकांकडं बघायला लागले. घरात चाळीस हत्यारं, आणि धारेचा दगड एकाकडंही नाही! डॉक्टर हळूच म्हणाले, "तो… दाखवण्यासारखा नसतो ना."

"माझा निसणा लेकीकडं आहे," अनसाक्का म्हणाली. "ह्यांची हत्यारं ह्यांच्यामागं तीच चालवते. तिचं गाव इथून सहा कोस." आणि तिची नजर फिरली. फिरत फिरत गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी थांबली. तिथं सहाण! चंदन उगाळायची, गोल, गुळगुळीत, बारीक रव्याच्या दगडाची.

"गुरवकाका, सहाण द्या."

नरहरी गुरवाला घाम फुटला. "अगं, देवाची सहाण ती! तिच्यावर रामाचं गंध उगाळतो मी! तिच्यावर लोखंड घासतेस?"

सभेत कुजबूज. पाप, पाप! अण्णासुद्धा म्हणाले, "अक्का, हे काही बरं दिसत नाही."

अनसाक्का म्हणाली, "काका, तान्ह्याला कपाळाला गंध आधी लागतं, का निजायला पाळणा आधी लागतो?"

गुरवाच्या घरी चार नातवंडं होती. त्यानं सहाण उचलली, आपल्या हातानं पाण्यानं भिजवली आणि अनसाक्कापुढं ठेवली. म्हणाला, "घास, पोरी."

आणि मग, मंडळी, त्या देवळात आवाज सुरू झाला — सर्र… सर्र… सर्र! घाई नाही. तिरकी धरायची, पाणी घालायचं, पाठ सपाट ठेवायची. तीस वर्षं नवऱ्याच्या शेजारी बसून ही बाई हत्यारं परजत होती. लोक म्हणायचे धोंडिबाचा हात काय साफ आहे! अहो, हात धोंडिबाचा, धार कुणाची? ते कधी कुणी विचारलंच नाही!

नखावर टेकवली. थांबली! जागच्या जागी थांबली. धार आली!

मग कुशीवर धरली, तळव्यानं नुसती रेटली. मोगरी नाही, दणका नाही. आणि लाकडाची साल निघाली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, पलीकडचं दिसावं अशी! एक कूस बसली. दुसरी बसली. लोक मोजायला लागले, तीऽऽन! चाऽऽर! साडेदहा, अकरा, सव्वाअकरा. पाऽऽच! सहा!

मध्येच तिनं मान वर केली. "डॉक्टर, नुसतं बघताय काय? तुमचं ते फिरकी यंत्र चालतंय ना? इथं लाकडी खुंट्या मारायच्या आहेत. भोकं पाडा. दाढेला पाडता तशी, सरळ."

डॉक्टरांचा हात स्थिर हो, काय सांगू! आठ भोकं पाडली, केसाइतकी वाकडी नाहीत. घरी आणल्यापासून पहिल्यांदा त्या ड्रिलनं लाकूड चाखलं. डॉक्टरांचं तोंड बघायला हवं होतं, पहिलं पोर झाल्यासारखं! शांतीशेठ अक्कानं तासलेल्या खुंट्या पुसून देतायत. आणि अण्णा? अण्णा सहाणेवर पाणी घालतायत, एका पटाशीला स्वतः धार लावतायत. बोटांना सहाणेवरचा काळा चिखल, सदऱ्याला चिखल. आता नाही म्हणाले, डाग पडतात!

बाराला पाच कमी. आठवी कूस बसली. ठॉक! पाळणा उभा! बांधला, हलवला, करकर नाही की कुरकुर नाही. चौघडा वाजला, गुलाल उडाला, राम जन्मला! आणि त्या गर्दीतून वाट झाली. पाटील मागं, पंच मागं. अनसूया धोंडिबा पांचाळ पुढं. लाल दोरी हातात घेतली आणि ओढली! सगळं देऊळ गरजलं, अहो, कळस हलला असेल!

आणि गुरवानं त्याच सहाणेवर चंदन उगाळलं. तीनदा धुतली होती, तरी त्या दिवशी रामाच्या कपाळाचं गंध जरा काळपट उठलं. पोलादाचा रंग तो. कुणी म्हणालं, पुसून दुसरं लावा. गुरव म्हणाला, "राहू दे. आज त्याला सुताराचं गंध आवडलंय."

मिळालं उत्तर? बारा पटाश्या कुणाच्या होत्या? पावती अण्णांची होती, पेटी अण्णांची होती. पण त्या कुणाच्या झाल्या? आणि शेवटी एक अण्णांचीही झाली, बोटाला चिखल लागला तेव्हा!

आता दुसऱ्यांना हसणं पुरे. तुमच्याकडं वळते. तुम्ही, मधल्या ओळीतले, घरात हार्मोनियम आहे, वर्षापासून तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवता. नाही म्हणा! त्या खांबाजवळच्या ताई, शिवणयंत्र हौसेनं घेतलं, आता त्याच्यावर कुंडी ठेवली आहे. आणि पोथी? मखमलीत बांधली, फळीवर ठेवली, हात लावू नका, डाग पडतील! अहो, पानांना बोटाचे डाग पडावेत म्हणूनच ती पोथी आहे.

आणि सगळ्यात मोठी वस्तू तर देवानंच दिली. दोन हात! खोक्यात घालून नाही दिले, उघडे दिले. किती जणांनी त्यांना धार लावली?

उठाल तेव्हा नमस्कार मला करू नका. तळवे उघडा आणि एकदा त्यांच्याकडं बघा. गुळगुळीत असतील, तर लाज वाटू द्या. घट्टे असतील — तर त्यांनाच कपाळ टेकवा आणि माझ्यामागं मोठ्यानं म्हणा: कष्टाच्या हाती वसणाऱ्या रामाचा जयजयकार! आणखी मोठ्यानं! माळवडीला ऐकू गेलं पाहिजे!