गोलाबाहेर घसरणारं बोट

अध्यक्षा अनुपमाताई, व्यासपीठावरील मान्यवर, श्रुतिकाचे आईवडील आणि महाड-पोलादपूरहून जमलेल्या बंधुभगिनींनो, तुम्हा सर्वांना या अनिलचा नमस्कार.

श्रुतिका उद्या नोकरीसाठी बंगळूरला निघते आहे. तिच्या हुशारीबद्दल आधीचे वक्ते बोललेच. मी माझ्या थोरल्या भावाबद्दल, कोंडाजीदादाबद्दल बोललो तर चालेल ना?

दादा कशेडी घाटातून ट्रक न्यायचा. मज्जातंतूंच्या आजाराने त्याची वाचा गेली, बोटं आखडली. डोकं मात्र लख्ख. तो कण्हायचा आणि आम्ही विचारत राहायचो, पाणी हवं? कूस बदलू? तो नुसता बघायचा. त्या नजरेसमोर उभं राहणं काय असतं, कसं सांगू?

श्रुतिकाने त्याच्यासाठी मोबाईलचं अ‍ॅप केलं. नेहमीची बटणं त्याला जमेनात, म्हणून तिने स्वतः मोठे गोल घडवले. प्रत्येक गोलावर एक शब्द, गोल दाबला की फोन तो शब्द बोलणार. तिच्या बोटाने फोन छान बोलायचा. दादाने हात लावला की अ‍ॅप बंद! तिने दुरुस्त करून आणलं, पुन्हा बंद. फोन बदलला, तरी बंद. शेवटी दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि जेवण सोडलं.

साळूवहिनीने हात जोडले. "पोरी, नको गो आता. आशेनंच मरतील ते."

श्रुतिका रडत होती. तरी दादाच्या उशाशी बसून म्हणाली, "काका, आज चालावं म्हणून नको, बंद पडावं म्हणून दाबा. कुठे अडतंय ते मला बघू दे."

नाही म्हणायलाही ज्याच्याकडे शब्द नव्हता, त्या माणसाने हात उचलला.

अ‍ॅप बंद पडलंच. पण या वेळी तिची नजर त्याच्या हातावर होती. बोट गोलाबाहेर घसरत होतं, मागून तळहात टेकत होता. अ‍ॅप एकाच बोटाच्या हिशेबाने लिहिलेलं. बोट निसटून तळहात टेकला की ते गोंधळून बंद पडायचं. तिने तिथेच बसून ते बदललं.

आणि फोन बोलला, "दुखतंय." मग, "खांदा."

मंडळी, रोज त्याच खांद्याला धरून आम्ही त्याला उठवत होतो हो!

दादा गेल्या पावसाळ्यात गेला. दुखणं शेवटपर्यंत राहिलं. पण त्या खांद्याला आम्ही पुन्हा हात लावला नाही.

श्रुतिका, तुझे, तुझ्या आईवडिलांचे आणि मला बोलू देणाऱ्या आयोजकांचे मनापासून आभार. काही राहिलं असेल, काही उणंअधिक बोललो असेन, तर आपला समजून पदरात घ्या.