बस कुठे थांबणार, कोण ठरवतं?

(मुख्याध्यापकांची खोली. शाळा सुटायला अजून अवकाश आहे.)

मुख्याध्यापक: ...तर बाई, माझं ठरलंय. सोमवारपासून ही पाच मुलं तुमच्या सोशल स्टडीजच्या तासाला बसणार नाहीत. त्या वेळात त्यांना इंग्रजी व्याकरण.

बाई: म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मुख्याध्यापक: यातला रेडा कोण, ते मी विचारत नाही.

बाई: नकाच विचारू, सर. खरं सांगावं लागेल मला.

मुख्याध्यापक: चेष्टा पुरे. परवा मी तुमच्या वर्गात आलो. साधा प्रश्न टाकला, इंग्रजीत. गावात बस कुठे थांबणार, हे कोण ठरवतं? सगळे आपले मूग गिळून बसलेले! ही पाच तर भूत दिसल्यासारखी माझ्याकडे बघत होती. आतापर्यंत घरच्या भाषेत शिकलेली पोरं. इंग्रजीच कळत नाही, तर नगरपालिका काय डोंबल कळणार?

बाई: उत्तरासाठी थांबलात किती?

मुख्याध्यापक: भरपूर.

बाई: चष्मा पुसलात, तेवढा वेळ. मग उत्तर स्वतःच दिलंत, स्वतःच मान हलवलीत आणि गेलात निघून.

मुख्याध्यापक: मग काय तिथे मुक्काम ठोकायचा होता?

बाई: अहो, दारात पाय ठेवल्या ठेवल्या तुम्ही म्हणालात, नो टॉकिंग. इथेच सगळं अडलं. माझ्या वर्गात प्रश्न आला की लगेच हात वर करायचा नाही. आधी शेजारच्याशी घरच्या भाषेत बोलायचं. भांडायचं, पटवायचं. मग दोघांनी मिळून इंग्रजी वाक्य जुळवायचं. तुम्ही बोलणंच बंद केलंत.

मुख्याध्यापक: बाजार भरला होता वर्गात!

बाई: बाजार नव्हे, सर. नगरपालिकेची सभा चालली होती.

मुख्याध्यापक: आणि इंग्रजी कधी येणार त्यांना? घरची भाषा बोलून?

बाई: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? घरच्या भाषेत आड भरतो. पोहरा मी सोडतेच आहे की रोज.

मुख्याध्यापक: बाई, पेपर इंग्रजीत असतो. ही पोरं नापास झाली, तर आईबाप जाब मला विचारणार. मीही असाच आलो होतो एका शाळेत, एक अक्षर येत नसताना. माझ्या मास्तरांनी व्याकरण घोटून घेतलं, म्हणून आज या खुर्चीत आहे. मला काळजी वाटते त्यांची.

बाई: ठाऊक आहे मला. म्हणून तर भांडतेय. काळजी नसती तर बोलून काय उपयोग होता? व्याकरण हवंच, सर. शाळा सुटल्यावर थांबते मी. पण हा तास काढू नका. नाहीतर उद्या यांच्या दारातून रस्ता न्यायचा की नाही, हे भलतंच कुणी ठरवेल आणि ही आपली वाक्यातला कर्ता शोधत बसतील.

मुख्याध्यापक: बोलण्यात तुमचा हात कोण धरणार?

बाई: माझं राहू द्या. हातच्या काकणाला आरसा कशाला? पाचांतल्या एकीला मी बरोबरच आणलंय. भिंगरी, आत ये गं.

मुख्याध्यापक: हिला भिंगरी म्हणतात? ही तर जागची हलत नाही.

बाई: कधी मैदानावर येऊन बघा. आता परवाचाच प्रश्न विचारा हिला. आणि विचारून झाला की कृपा करून गप्प बसा.

मुख्याध्यापक: हू डिसाइड्स व्हेअर द बस स्टॉप्स?

भिंगरी: (पुटपुटत) बस... बस स्टॉप्स...

मुख्याध्यापक: कम ऑन, इट इज व्हेरी सिंपल...

बाई: सर.

मुख्याध्यापक: बरं बाई, बरं.

भिंगरी: बाई, आधी आपल्या भाषेत बोलू?

बाई: बोल. मी तुझी शेजारीण.

भिंगरी: माझी आजी दवाखान्यात जाते ना, तर बस पार बँकेपाशी थांबते. तिथून चढ आहे. आजी मधेच एका कट्ट्यावर टेकते. मी म्हटलं, सांग की कुणाला तरी. तर म्हणते, मोठ्या लोकांना कळत असेल. पण बाई, त्यांना कसं कळणार? ते कुठे चालत जातात?

बाई: हेच सरांना सांग. चुकलीस तरी चालेल.

भिंगरी: सर, कौन्सिल डिसाइड. बट पीपल टेल फर्स्ट. माय ग्रँडमदर नॉट टेल, सो कौन्सिल नॉट नो. शी वॉक, शी सिट, शी वॉक.

मुख्याध्यापक: गुड. व्हेरी गुड. पण बाई, हे पुस्तकात नाही.

बाई: पुस्तकातलंच आहे. त्यात तिने आपली आजी घातली, इतकंच.

भिंगरी: सर, आय आस्क वन क्वेश्चन?

मुख्याध्यापक: यस, यस, आस्क.

भिंगरी: मंडे, वी फाइव्ह गो आउट. यू डिसाइड. हू टेल यू फर्स्ट?

मुख्याध्यापक: बाई, हे तुम्ही पढवून आणलंत?

बाई: शप्पथ नाही. मी फक्त दारात उभी राहा म्हटलं होतं. पण मला काय आनंद झालाय म्हणून सांगू!

मुख्याध्यापक: दिसतोय तो. भिंगरी, आपल्या भाषेतच सांग मला. तुला हा तास का हवा?

भिंगरी: व्याकरणात मी नुसती चुकते, सर. सोशलमधेही चुकते, पण तिथे मला काय वाटतं ते विचारतात.

मुख्याध्यापक: हं. मला सगळं व्याकरण पाठ आहे, बाई. तरी अजून एखाद्या कचेरीच्या खिडकीपुढे उभा राहिलो की नुसता कागद पुढे सरकवतो आणि मागे फिरतो. विचारायचं ते राहूनच जातं.

बाई: मग सोमवारचं काय, सर?

मुख्याध्यापक: सोमवारी पाचही जणं तुमच्याच वर्गात. व्याकरणाचं शाळा सुटल्यावर बघू, आपण दोघं मिळून. पण तुमची ती सभा मला नीट बघायचीय. मीही येतो तासाला. कुणाला अडचण नको, मागच्या बाकावर बसेन गुपचूप.

भिंगरी: मागे नको, सर. मागे बसलं की कुणी काही विचारत नाही.