आजोबांना घराबाहेर पाठवायचं नाही

—एकोणीसशे सत्त्याऐंशी. उन्हाळा. त्याच उन्हाळ्यात कारखान्यातल्या कॉम्प्युटरला डिस्क आली आणि त्याच उन्हाळ्यात बाईंची नोकरी गेली. एवढं मला ठाऊक. पुढचं विचारू नका. रीळ माझ्याकडे नाही. एकदा सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगायला मी काय पोपट आहे? — बसा, उभ्या का? बसलात म्हणून रीळ मिळेल असं नाही. — बाईंची मुलगी म्हणे! मागच्या महिन्यात एकजण आला होता, बाईंचा भाचा म्हणून. बूट चकचकीत, बोलणं त्याहून चकचकीत. बाई एकुलत्या, त्यांचे यजमानही एकुलते — भाचा काय आभाळातून टपकला? कारखान्याच्या साहेबानं धाडलेला, दुसरं काय. आता तुम्ही. नाक बाईंसारखं आहे, मान्य. नाकावर मी विश्वास ठेवत नाही.

आणि तुम्हाला हवंय काय नेमकं? — बघा! तोही हेच म्हणाला. साहेबाचा मेव्हणा कामाला खरा कधी लागला, ती नोंद. तेवढी एकच. अहो, रिळावर तेवढी एकच असं काही नसतं. मी रिळं चढवायचो-उतरवायचो, मला सांगता? टेप असते लांबच लांब, गुंडाळलेली. मधल्या माणसाला भेटायचं तर आधीच्या सगळ्यांच्या दारावरून जावं लागतं. यंत्रालाही. आणि एकाची तारीख बदलायची झाली तर सगळं रीळ वाचून नवं रीळ लिहायचं — जुनं तसंच राहतं. नवं ते मुलगा, त्याच्या मागचं ते बाप, त्याच्याही मागचं ते आजोबा. बाईंनीच शिकवलं. मुलगा धड निघाला की नाही हे कळेपर्यंत आजोबांना पुसायचं नाही, आणि घराबाहेर तर पाठवायचंच नाही. चोरी करायची तर तीन पिढ्यांना फितवावं लागायचं.

डिस्कचं तसं नाही. डिस्क म्हणजे कुठल्याही खोलीला स्वतंत्र दार. सरळ आत जा, खोडा, लिहा, बाहेर या — शेजारच्या खोलीला पत्ता नाही. काम झटपट व्हायचं, खोटं कशाला बोलू. पण झटपट कोणाचं? मेव्हणा नोकरीला लागला कालपरवा, आणि डिस्कवर झाला सगळ्यांत जुना. झाला मुकादम. ज्यांचा हक्क होता ते बसले बोंबलत. बोभाटा झाला तसा साहेब म्हणतो, बाईंच्या प्रोग्रॅमनं घोळ घातला. बाईंच्या! ज्या बाई एक टिंब चुकलं तरी जेवायला उठत नसत. दुपारी त्यांना पर्स घेऊन फाटकाबाहेर काढलं. कोणी मान वर केली नाही. — मी? मी आजोबांना बघायला आत गेलो. म्हणजे — गेलो असेन. कपाटं आवरायला.

हं. जुन्या कामगारांनी दावा लावलाय, चौकशी उघडलीय, ऐकलंय मी. म्हणूनच तर दोघं-दोघं येताय. वर्षानुवर्षं कुत्रं विचारत नव्हतं. — खराब झालं असेल? का होईल खराब? ओल लागली तर टेप टेपेला चिकटते. कोरड्या डब्यात ठेवावी, वर्षातून एकदा हातानं सैल सोडून पुन्हा गुंडाळावी, ताण न देता. आमच्या हिनं डोक्याला हात लावला होता — सवत आणून धान्याच्या डब्यात ठेवलीय म्हणायची — हसताय काय? एखाद्याकडे असलं तर, असं म्हणतोय मी. सांगण्याची एक रीत असते.

वाचता येत होतं का म्हणता? मला वाचता येत होतंच. म्हणजे — रिळांच्या चिठ्ठ्या रंगावरून ओळखायचो. एकदा कोणीतरी सगळ्या चिठ्ठ्या पांढऱ्या लावल्या आणि मी उभा राहिलो खांबासारखा. बाईंनी पाहिलं. बोलल्या नाहीत कोणाला. दुसऱ्या दिवसापासून, जेवणाची सुट्टी झाली की रिळांच्या कपाटाचं दार उघडायच्या आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूनं एकेक अक्षर. दार लावलं की शाळा बंद. मोठा बाप्या माणूस मी, घरी लेकरं. हिलाही कळू दिलं नाही. — हे तुम्ही कशाला काढून घेताय माझ्याकडून? पोलिसात आहात का?

बरं. तुमचा हट्टच आहे ना? थांबा. — हे घ्या. हेच ते. पिशवीत घाला आणि चालू लागा, माझं डोकं शांत होऊ द्या. — काय झालं? — उलटं कशाला केलंत? — पाठीच्या खाचेत बोट कशाला घालताय?

पुन्हा सांग. काय म्हणालीस? कडी आहे?

कडी आहे, म्हणून हे ते नाही. बरोब्बर. खाचेत कडी असली तर यंत्र त्यावर लिहू शकतं, काढली की नुसतं वाचतं. तुझ्या आईनं आजोबांच्या पाठीला कडी ठेवलीच नसती — कडी नाही तर लिहिणं नाही — बाई घरी पण म्हणतात का गं अजून? दाराला बाहेरची कडी घालतानाही? ... हं. भाच्यानं उलटून पाहिलंसुद्धा नाही. हेच काळं चाक, याचंच भावंड, दोन्ही हातांनी छातीशी धरून नेलं. कोरं होतं. साहेब बसला असेल वाचत.

सरक. तो मोठा डबा ओढ इकडे. तांदूळ सांडू नकोस. खाली फडक्यात आहे. — उलटं कर. बघ. आहे का कडी? — नाही. आता ऐक, पोरी. दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. वाचताना समोर बसायचं. आधी नक्कल, मग बाकीचं. आणि मेव्हण्यापाशी थेट उडी मारतो म्हणतील, मारू द्यायची नाही. पहिल्या नावापासून वाचायला लाव, सगळ्यांसमोर. बाईंची सहीसुद्धा सुरुवातीलाच आहे, पहिल्या नावाच्याही आधी. ती चुकवून पुढे जाता येत नाही कोणाला.

बाईंना सांग — नको. काही सांगू नकोस. वर चिठ्ठी चिकटवलीय ना, ‘आजोबा’ अशी? अक्षर वाकडं आहे. माझं आहे. त्या ओळखतील.

फिटलं. ऊठ. दार ओढून घे जाताना.