कुबडी शूटिंगला गेली त्या दिवशी

आधी यादम्माचं नाव लिहून घ्या ताई, माझं मागून लिहिलं तरी चालतं. आमच्या सीरियलच्या सेटवर झाडलोट करायची ती, तेलुगू बाई, मला बिड्डा म्हणायची, म्हणजे लेकरू. इथं माझं म्हणून कोणी असेल तर ती.

मी देगलूरकडची. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, उजवा पाय वाळला. शाळा दुसऱ्या गावात, बापानं चौथीपर्यंत खांद्यावर नेलं, मग मी जड झाले अन् शाळा सुटली. शिवण शिकले. मामानं इथं हैदराबादेत मलकपेठला आणलं, सीरियलवाल्यांकडं कपडे शिवायला लावलं. ते तेलंगणा राज्य वेगळं व्हायचे दिवस. आज बंद, उद्या मोर्चा, आणि सेटवर एकच बोलणं, युनिट तिकडं आंध्रात जाणार, निम्मे लोक काढणार. मी तर इकडचीही नाही अन् तिकडचीही नाही. काय सांगू तुम्हाला, प्रत्येक ब्लाउज शिवताना वाटायचं, हाच शेवटचा.

सीरियलमधी हिरोइनची धाकटी बहीण लंगडी दाखवलती. करणारी पोरगी धडधाकट, चालणं माझ्याकडून शिकली, तरी कधी उजवा पाय ओढायची, कधी डावा, मग मी लांबून खुणवायचे. आता तिचं लग्न दाखवायचं होतं, आणि लंगडीचं लग्न सीरियलमधी लावत नाहीत ताई, आधी पाय बरा करतात. म्हणून देवीसमोर ती कुबडी फेकून पळणार होती. सामानातली कुबडी तालमीतच मोडली. डायरेक्टर म्हणले, अक्का, तुमची द्या, दहा मिनिटं. मी दिली. नाही म्हणायची हिंमत कुठून आणू.

दहा मिनिटांचे तीन तास झाले. मी कपड्यांच्या खोलीत मशीनवर एकटी. पलीकडं लाकूड फरशीवर आपटायचं, मग टाळ्या, मग परत एकदा म्हणायचे, की परत आपटायचं. मोडली तर, हेच डोक्यात. आणि मला लघवीला जायचं होतं, सांगायला लाज वाटते, पण होतं ते होतं. भिंत धरून दोन पावलं टाकली अन् खाली बसले. यादम्मा पाणी घेऊन आली तशी मी तिला म्हणले, माझी लकडी आणून दे, कसंही कर.

ती चालू शूटिंगमधी शिरली. देवीपुढची कुबडी उचलली. मॅनेजर ओरडला, पागल झाली का, तर म्हणते कशी, पैर है उसका साब, फेंकने की चीज नै. तो तिच्या मागं माझ्या दारापर्यंत आला, कुणी पाठवलं तुला म्हणून. कुबडी माझ्या काखेत होती, तोंडापर्यंत शब्द आलता. यादम्मानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कोई नै भेजा, मैंच गई. मी खाली बघत राहिले. तो म्हणला, कल से मत आ. तिनं आधी मला बाथरूमला नेलं, कडी नव्हती तर दार धरून उभी राहिली, आणि मग गेली.

तो भाग लागला तेव्हा आमची घरमालकीण रडली. मला म्हणली, तू पण नवस बोल की गं, बघ कशी पळाली ती. मी हो म्हणले.

राज्य वेगळं झालं. युनिट काही गेलं नाही, माझं काम राहिलं. यादम्मा आता एका दवाखान्यात फरशी पुसते, गुडघे धरलेत तिचे. मी रविवारी जाते, तर म्हणते, सोड ते बिड्डा, मी तर विसरले. मला कसं सुटावं? त्याच मॅनेजरला रोज नमस्कार करते मी. एक दिवस त्याच्यासमोर उभी राहून सांगणार आहे, मी पाठवलं होतं तिला, तिला बोलवा नाहीतर मलाही काढा. अजून धीर होत नाही, खोटं कशाला बोलू. पण तिचं हे फेडीन ताई, माझ्या तोंडानं फेडीन.